काळी पाच

बीदरच्या मैलूर भागात अच्युतराव मास्तरांचं नाव घेतलं की माणसं जरा सावरून बसतात. दोन भाऊ भांडले, कुंपणावरून वाद झाला, सून रुसून माहेरी गेली, की मास्तरांना बोलावणं येतं. मास्तर जातात, दोन्ही बाजूंचं शेवटपर्यंत ऐकतात, चहा घेतात आणि निवाडा न देताच उठतात. "मी कोण कुणाला चूक म्हणणारा?" एवढं बोलून चपला घालतात. लोकांना हा त्यांचा मोठेपणा वाटतो. मोठेपणा कसला आलाय! या माणसाला एका दुपारची लाज आहे. सात वर्षं त्यानं ती पोटात ठेवली, मग एकदाची बाहेर काढली, आणि तरीही ती काही गेली नाही.

मास्तर मूळचे चिटगुप्प्याचे. वडील देवळात पुराण सांगत आणि पुराणानंतरच्या भजनाला बाजाची पेटी वाजवत. ती बोटं मुलात उतरली. मास्तरांची शाळा झाली उर्दूत, घरात मराठी, बाजारात कानडी. छप्पन साली हैदराबाद राज्य मोडलं आणि आमचा मुलूख म्हैसूरला जोडला गेला, तेव्हा अच्युतराव नुकतेच मराठी शाळेत लागले होते. कानडीची परीक्षा द्या नाहीतर बढती विसरा, असा हुकूम आला. बाजारात वांगी घेण्याचं कानडी वेगळं आणि सरकारचं कानडी वेगळं, हे मास्तरांना दोनदा नापास झाल्यावर कळलं. तिसऱ्यांदा पास झाले, आणि बक्षीस काय मिळालं, तर एकसष्ट साली बदली. तीही थेट अफझलपूर तालुक्यातल्या करजगीला. मास्तर बायको मालतीबाई, एक ट्रंक आणि पेटी घेऊन गेले.

करजगीत त्यांना राघोबा सापडला. मास्तर वर्गात पाढे म्हणवून घेत होते. शाळेमागच्या रानात कुणीतरी तूर कापता कापता अभंग म्हणायला लागलं, आणि सगळा वर्ग सत्तावीसच्या पाढ्यावर थांबला तो थांबलाच. मास्तरही थांबले. काळ्या मातीतला साधा कुळंबी गडी, मास्तरांपेक्षा पाच वर्षांनी मोठा, सही करताना घाम फुटायचा. पण वरच्या षड्जाला त्याचा आवाज असा जायचा, जणू तो तिथंच राहायला होता.

आमच्याकडे त्या काळी गावाला रस्ता नसेल, पण भजनी पार्टी असायचीच. आणि नियम एकच, गावाचा गळा गावातच गाणार. दुसऱ्या पार्टीत जाऊन बसणं म्हणजे लेकीनं घर सोडून पळून जाण्यासारखं समजत. करजगीच्या पार्टीत राघोबा गायचा आणि मास्तर पेटी धरायचे. अफझलपूरच्या मठात कानडी भजनं चालायची, तिथला तबला तिप्पण्णाचा. गुलबर्ग्याला लग्नाचा बँड होता, त्यात मौलासाब क्लॅरिनेट वाजवायचे. तिन्ही ताफ्यांची तोंडं तीन दिशांना. त्रेसष्ट साली अफझलपूरच्या जत्रेत भजनांचे सामने लागले, आणि जत्रेच्या मिरवणुकीला मौलासाबांचा बँडही आला होता. सामने दुपारीच होत, लोकांना दिवस मावळायच्या आत बैलगाड्या जुंपायच्या असत. आपापलं गाणं-वाजवणं आटोपल्यावर हे चौघं एका लिंबाखाली टेकले होते. मौलासाबांनी सहज तोंडाला क्लॅरिनेट लावलं, तिप्पण्णानं मांडीवर ठेका धरला, मास्तरांनी पेटी उघडली आणि राघोबानं आवाज टाकला. अर्ध्या घटकेत सामन्याचा मंडप रिकामा झाला. परीक्षकसुद्धा लिंबाखाली येऊन उभे राहिले.

त्याच दिवशी चौघांनी आपापल्या पार्ट्या सोडल्या. काय गहजब झाला म्हणून सांगू! मठानं तिप्पण्णाला सहा महिने पायरी चढू दिली नाही. बँडच्या मालकानं मौलासाबांचा कोट काढून घेतला. करजगीत राघोबाची बायको चंद्रभागाबाई आडावर गेली की बाकीच्या बाया घागरी उचलून चालायला लागायच्या. यांनी नाव ठेवलं चौरंग भजनी पार्टी. लोकांनी ठेवलं फितुरांची पार्टी. पण फितुरांचं गाणं ऐकायला तेच लोक पाच-पाच कोस चालत यायचे. मराठी अभंगाला कानडी मठाचा ठेका आणि वर लग्नाच्या बँडचं ते आर्त क्लॅरिनेट, असलं काही ह्या मुलखानं आधी ऐकलं नव्हतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. गाणं कोणत्या सुरावर उभं करायचं, ते पेटीवाला ठरवतो. पेटीच्या ज्या पट्टीवर तो बोट ठेवील, तो गाणाऱ्याचा सा. राघोबाचा सा होता काळी पाच, म्हणजे पुरुषाच्या गळ्याला चांगलीच उंच जागा. आणि सभेचा दंडक असा, की एकदा पट्टी धरली की शेवटच्या भैरवीपर्यंत ती खाली आणायची नाही. मध्येच आणली, तर पार्टी पडली असं समजत आणि हार उतरवून ठेवावे लागत. म्हणून पेटीवाल्याचा मान मोठा, आणि गाणाऱ्याची मान त्याच्या हातात.

मान मोठा खरा, पण तो दिसतो कुणाला? लोकांना दिसायचा राघोबा. चार वर्षांत बीदर-गुलबर्गा दोन्ही जिल्ह्यांत चौरंग हे नाव कुणी घेईना, सगळे म्हणायचे "राघोबाची पार्टी". मास्तर मॅट्रिक झालेले, चार भाषा येणारे, चाली त्यांनी बांधलेल्या, आणि नाव मात्र सहीला घाम फुटणाऱ्या माणसाचं. मास्तरांच्या पोटात दुखायला लागलं. हे दुखणं असं, की वैद्याला दाखवता येत नाही. एकदा हुमनाबादला एका लग्नात यजमानांनी राघोबाला पाटावर बसवलं आणि मास्तरांना विचारलं, "पेटी उचलायला माणूस आणलाय का तुमीच उचलता?" मास्तर हसले. आतून ते जळून गेले.

सदुसष्टला मास्तरांची बीदरला बदली झाली. राघोबा गाडीपर्यंत पोचवायला आला आणि म्हणाला, "सरकारला बी काय कळतंय का बघा, मास्तर. चांगला संसार मोडायलेत." मास्तरांनी मान हलवली. बदलीचा अर्ज त्यांनीच केला होता, हे फक्त मालतीबाईंना ठाऊक होतं. पार्टी तिथंच मोडली. पेटी गेल्यावर दुसरी पेटी आणायला राघोबा तयार झाला नाही. "सूर मास्तरांचा," म्हणायचा, "दुसऱ्याच्या सुरावर माझा पाय पडत न्हाई."

मग चौऱ्याहत्तर साली, म्हैसूर राज्याचं कर्नाटक होऊन वर्ष झालं तेव्हा, गुलबर्ग्याच्या कुणा हौशी माणसांनी चौघांना परत एकत्र बसवायचा घाट घातला. बसवलं, पण ते बसणं म्हणजे नुसता तमाशा. तिप्पण्णा आता स्वतःचा क्लास चालवायचा, शिष्य घेऊन आला आणि म्हणाला, तबला मधोमध. मौलासाब म्हणाले, "नक्को जी, मैं किनारे पे नै बैठता." दोन तास बैठक कुठं कुणाची यातच गेले. गाणं झालं जेमतेम पाऊण तास. राघोबा मात्र तसाच गायला, काळी पाच, तोच पूर्वीचा आवाज. लोक रडले. गाणं संपल्यावर चौघं चार वाटांनी आपापल्या घरी गेले आणि पुढची सात वर्षं कुणी कुणाला कार्डही टाकलं नाही.

आणि मग एक्याऐंशी साल आलं.

चिटगुप्प्याच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला होता, आणि गावकऱ्यांनी ठरवलं की कार्यक्रमाला चौरंग पार्टी बसवायची. मास्तरांचं गाव, त्यांच्या वडिलांचं देऊळ. मास्तर पंधरा दिवस आधीपासूनच जमिनीवर नव्हते. पेटीला नवा भाता बसवला, पांढरं धोतर नीळ घालून धुवून घेतलं. मनातल्या मनात ते ऐकत होते, आमचे अच्युतराव, आमचे अच्युतराव. माणसानं मनात मांडे खावेत, पण इतके नाहीत.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी राघोबा मास्तरांच्या भावाच्या घरी आला, मास्तर तिथंच उतरले होते. पंचावन्न वर्षांचा, पण ओळखू येईना. आदल्या पावसाळ्यात त्याला छातीचं मोठं दुखणं झालं होतं. पडवीत मास्तर एकटेच पेटी पुसत होते. राघोबा शेजारी उकिडवा बसला आणि हळूच बोलला, जसं एखादं पोरगं फी माफी मागायला येतं तसं.

"मास्तर, काळी पाच आता निघंना गेलीय. काळी तीन धरा. तिथं मी बरा चालतो."

"बरं," मास्तर म्हणाले.

"तिप्पण्णाला, मौलासाबला बोललो न्हाई. हसतील. तुमाला सांगायलोय."

"बरं बरं, बघतो मी."

राघोबा निर्धास्त झाला. त्यानं मास्तरांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मालतीबाईंकडे चहा मागितला.

इथवर मास्तरांच्या मनात काहीही वाईट नव्हतं, हे त्यांच्या बाजूनं मी सांगून ठेवतो. बाजूनं सांगण्यासारखं तेवढंच आहे.

तिसऱ्या प्रहरी मंडप भरला. पहिल्या रांगेत मास्तरांचे जुने विद्यार्थी, शेजारी-पाजारी, बायकांत मालतीबाई. पंच तात्याराव उठले. हे तात्याराव मास्तरांच्या बरोबर शिकलेले, एका बाकावरचे. त्यांनी ध्वनिक्षेपक हातात धरला आणि जाहीर केलं, "आपल्या भाग्यानं आज करजगीचे राघोबा आणि त्यांचे साथीदार आले आहेत." त्यांचे साथीदार! मास्तरांच्या गावात, मास्तरांच्या वडिलांच्या देवळात, एका बाकावरच्या माणसाच्या तोंडून! हार आला तो राघोबाच्या गळ्यात. बाकी तिघांना एकेक नारळ.

मास्तरांनी पेटी उघडली. उजवा हात पट्ट्यांवर गेला. काळी तीन बोटाखालीच होती. तिथून त्यांनी बोट उचललं आणि काळी पाचवर ठेवलं. चुकून नाही. घाईत नाही. पुढं कित्येकदा त्यांनी स्वतःला समजावून पाहिलं की सवयीनं हात गेला, पण ते खोटं होतं. बोट ठेवताना त्यांच्या मनात स्वच्छ शब्द उमटले होते: बघू दे आता, कोण कुणाचा साथीदार ते.

सूर घुमला. राघोबानं वळून एकदाच मास्तरांकडे पाहिलं. मास्तर भात्याकडे बघत राहिले. पट्टी धरली गेली होती, आता ती उतरणार नव्हती.

पहिला अभंग राघोबानं कसाबसा पेलला. दुसऱ्यात वरच्या जागा टाळून खालूनच फिरला. जाणकारांनी एकमेकांकडे पाहिलं. तिसऱ्यात ती वर जायची जागा आली, जिथं लोक इतकी वर्षं माना डोलवत आले होते, आणि तिथं आवाज फाटला. त्यानं परत उचलला, परत फाटला, आणि खोकल्याची उबळ आली. मागून कुणीतरी शीळ घातली. हसू पसरलं, आधी मागच्या बाजूला, मग पुढं. मास्तरांनी मोकळी पडलेली जागा पेटीनं भरून काढली, बोटं अशी फिरवली की तशी आयुष्यात कधी फिरली नव्हती. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या पेटीला होत्या.

राघोबानं गळ्यातला हार काढून पुढ्यात ठेवला. लोकांना हात जोडून म्हणाला, "पट्टी बराबर हाय, मायबाप. गळाच माझा गेला." आणि उठून गेला.

तात्यारावांनी तोच हार मास्तरांना घातला. म्हणाले, मास्तरांनी गावाची लाज राखली. मास्तरांनी तो घालून घेतला. घरी जाताना मालतीबाई म्हणाल्या, "राघोबाला आज पट्टी चढी झाली का हो?" मास्तर म्हणाले, "नेहमीचीच होती." सकाळचा चहा पडवीत बाईंनीच नेऊन दिला होता, दाराआडून त्यांनी किती ऐकलं होतं ते मास्तरांनी कधी विचारलं नाही. विचारायची छाती नव्हती.

राघोबानं गाणं सोडलं. रानातसुद्धा गाईना, असं कानावर आलं. इकडे मास्तरांचं नाव वाढलं. गणपतीत, सत्यनारायणाला लोक पेटी वाजवायला बोलावत. मास्तर आधी जायचे, मग संधिवात सांगून टाळायला लागले. बोटांना काही झालेलं नव्हतं. काळ्या पट्ट्यांवरून हात फिरला की त्यांना तो उकिडवा बसलेला माणूस दिसायचा, विश्वासानं एक गोष्ट सांगून चहा मागणारा. लाज ही चीज अशी, की बाहेर कुणी फटका मारला तर कमी होते. इथं तर सगळे नमस्कार करत होते. प्रत्येक नमस्काराबरोबर मास्तर मनात आणखी एक बोट खाली जायचे.

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत तिप्पण्णा आणि मौलासाब दोघं मैलूरला मास्तरांच्या घरी येऊन धडकले. म्हातारपणानं दोघांची भांडणं मिटवली होती. गुलबर्ग्याच्या रेडिओवर कुणी उत्साही माणूस आला होता. त्याला जुन्या चौरंग पार्टीचं ध्वनिमुद्रण करून ठेवायचं होतं.

"सगळं ठरलंय, अण्णा," तिप्पण्णा म्हणाला. "राघोबा तेवढा न्हाई म्हणायलाय."

"तुमे जाओ मास्तर," मौलासाब म्हणाले. "तुमारीच सुनता उनो. तुमारे पे जान है उसकी."

तुमारे पे जान है! नाही म्हणायला कारण सापडेना. आणि मग वाटलं, जावं. जावं आणि पायावर डोकं ठेवून सांगून टाकावं. सात वर्षं पुरे झाली.

हुमनाबाद, गुलबर्गा, अफझलपूर करत मास्तर दुसऱ्या दिवशी दुपारी करजगीला पोचले. अंगणात तुरीची रास होती. राघोबा ओट्यावर बसला होता, वाळला होता, पण डोळे तेच. मास्तरांना पाहून तो धडपडत उठला.

"आगं ए, बघ तरी कोण आलंय! मास्तर आलेत! भाकर टाक."

चंद्रभागाबाई पदर सावरत बाहेर आल्या, तोंडभर हसल्या आणि परत चुलीकडे पळाल्या. मास्तरांनी वाटेत घोकून ठेवलेलं वाक्य ओठावर आणलं, पण राघोबाच आधी बोलायला लागला.

"बरं झालं आलात. लई दिसांपासून एक बोलायचं ऱ्हायलंय. त्या दिशी चिटगुप्प्याला मी तुमाला खालची पट्टी धरा म्हनलो, आन् तुमी काळी पाच धरली. खरं सांगायलो, मला लई राग आला. वाटलं, मास्तरानं गळा कापला."

आता शिव्या येणार, असं मास्तरांना वाटलं आणि बरंही वाटलं.

"मंग घरी येऊन इचार केला. मास्तर असं कामून करतील? इतक्या वर्साचा मानूस. आन् मंग उमगलं बघा." राघोबा पुढं सरकून बसला. "साऱ्या मुलखात एकच मानूस निघाला, ज्याला वाटलं का राघोबा आजून चढतोय. मी भ्यालो होतो, तुमी न्हाई भ्याला. गळ्यानं दगा दिला ते सोडा. पर तुमचा भरवसा मोठा. हिला इचारा, त्येवढ्यावर मी सात वर्सं काढली."

"व्हय," चुलीपासून चंद्रभागाबाई म्हणाल्या. "रोज येकदा तरी तुमचं नाव निघतंय."

वाटेत घोकलेलं वाक्य आता कुठं ठेवावं ते मास्तरांना कळेना. बोललं तर या माणसाची सात वर्षांची पुंजी आपण हिसकावून घेणार. गप्प बसावं, हेच पुण्य, असं मनानं लगेच सांगितलं. मन मोठं लबाड, स्वतःच्या सोयीला पुण्याचं नाव द्यायला त्याला वेळ लागत नाही.

"म्हनून रेडिओवाल्याला न्हाई म्हनलो," राघोबा सांगत होता. "तुमी सोता येशीला तर बोलायचं ठरिवलं होतं. येतो मी. पर येक बोली. पट्टी काळी पाचच. तुमचा भरवसा मला खरा करायचाय. सा म्हयने झाले, रानात कुणी नसताना घोकायलोय. ऐका."

त्यानं डोळे मिटले आणि आवाज लावला. खाली गोड होता, जाडसर, मुरलेला. वर चढला आणि तिथंच फाटला, चिटगुप्प्याला फाटला होता तसाच. खोकला आला. चंद्रभागाबाई पाणी घेऊन धावल्या. राघोबा खोकत खोकत हसला, "हितं धुरळा हाय तुरीचा. थितं येतंय बराबर."

दोन जिल्हे ऐकणार होते. हा माणूस परत तिथंच चढून परत पडणार होता, आणि या खेपेला आपल्या भरवशापायी.

"राघोबा," मास्तर म्हणाले, "काळी तीनच धरू."

राघोबाचा चेहरा उतरला. "तुमी बी? म्हंजे तुमचा बी भरवसा गेला?"

"भरवसा नव्हताच." मास्तरांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "त्या दिवशीही नव्हता. तुमचा गळा तिथवर जायचा नाही हे मला ठाऊक होतं. म्हणूनच काळी पाच धरली. तात्याराव तुम्हाला राघोबा म्हणाले आणि मला साथीदार म्हणाले. हार तुम्हाला घातला. मला सहन झालं नाही. बदलीसुद्धा मीच मागून घेतली होती. तुम्ही विश्वासानं सांगितलंत, आणि मी त्याच जागी तुम्हाला मारलं."

अंगणात कोंबड्या तूर टिपत होत्या, त्यांना कुणी हाकललं नाही. राघोबा मास्तरांकडे बघत राहिला, ओळख पटवत असल्यासारखा. मग त्यानं एकच विचारलं.

"लोकं हासली तवा कसं वाटलं?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. वाईट वाटलं म्हटलं असतं तर निभलं असतं.

"बरं वाटलं," मास्तर म्हणाले.

चंद्रभागाबाई ताट घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी ताटातली भाकरी उचलली आणि परत टोपल्यात ठेवली.

"वाढ त्येंला," राघोबा म्हणाला. "लांबनं आलेत."

बाईंनी वाढलं. ज्वारीची गरम भाकरी, तुरीचं वरण, वर तूप. त्या घरात मास्तरांनी ती भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली, कारण ताटात टाकून उठायचीही त्यांची लायकी राहिली नव्हती. इतकी लाज त्यांना हार घालून घेतानाही वाटली नव्हती. निघताना त्यांनी वाकून राघोबाच्या पायाला हात लावला. राघोबानं पाय मागं घेतला नाही आणि हात वरही उचलला नाही.

तो येईल असं मास्तरांना वाटलं नव्हतं. पण ठरल्या दिवशी सकाळी दहाला राघोबा धुतलेला पटका बांधून गुलबर्ग्याच्या रेडिओ केंद्रावर हजर होता. तिप्पण्णानं त्याला मिठी मारली. मौलासाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरांना त्यानं रामराम केला, कुणालाही करावा तसा. चौघं बसले. काचेपलीकडच्या माणसानं हात वर केला. मास्तरांनी पेटीचा भाता हातात घेतला आणि बोट काळी तीनवर ठेवून वाट पाहू लागले.

राघोबा मौलासाबांकडे वळला. "मौलासाब, काळी तीनचा सूर द्या."

मौलासाब चक्रावले. "अजी, पेटी बैठी है ना बाजू में!"

"तुमीच द्या," राघोबा म्हणाला.

तिप्पण्णानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी पट्टीवरून बोट उचलून घेतलं. क्लॅरिनेटमधून सूर आला, राघोबानं डोळे मिटून तो धरला आणि गायला लागला. फार सुरेख गायला. मास्तरांनी मागून पेटी मिळवून घेतली.

महिन्याभरानं ते रेडिओवर लागलं तेव्हा मैलूरची सगळी गल्ली मास्तरांच्या घरात मावेना. मालतीबाईंनी सगळ्यांना चहा केला. गाणं संपल्यावर शेजारच्या हणमंतरावांनी विचारलं, "मास्तर, एक समजलं नाही बघा. सुरुवातीचा सूर तर पेटी देते म्हणतात. इथं क्लॅरिनेटनं कामून दिला?"

"माझ्याकडून घेतला नाही त्यानं," मास्तर म्हणाले.

हणमंतराव मोठ्यानं हसले. त्यांना वाटलं, मास्तर थट्टा करतायत.